प्लग लावायचा कुठे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



कार्यकारिणीने सांगितलं, "काका, तुम्ही अमेरिकेला मुलाकडे जाऊन आलात, तिथल्या गाडीबद्दल बोला. विजेवर पण चालते आणि पेट्रोलवर पण चालते म्हणे." मी म्हटलं, बोलतो. पण मी काही इंजिनियर नाही. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. त्यामुळे गाडीसुद्धा मला हिशोबाच्या वहीतूनच कळते. दूध आटेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात माझं संपवतो.

आधी शब्द. हायब्रीड. माझ्या वयाच्या माणसांना हा शब्द गाडीमुळे कळलेला नाही, भाकरीमुळे कळला. सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी १९६४ साली आली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे पोहोचली. आपण सगळे मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाणारे. हायब्रीडची भाकरी ताटात पडली की घरातली म्हातारी माणसं नाकं मुरडायची. पण ७२ च्या दुष्काळात कुणी नाक मुरडलं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, सगळं आठवतंय. दोन जातींचा संकर, दोघींचे गुण एकीत, एवढा त्या शब्दाचा अर्थ. गाडीतही तेच. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच गाडीत.

ही कल्पना आजची नाही. फर्डिनांड पोर्श या माणसाने १९०० च्या सुमारासच पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून त्या विजेवर चाकं फिरवणारी गाडी बनवली होती. पण बाजारात खऱ्या अर्थाने रुजली ती टोयोटाची प्रियस, जपानमध्ये, डिसेंबर १९९७ मध्ये. आणि प्लग लावून चार्ज करायची हायब्रीड कारखान्यातून मोठ्या संख्येने पहिल्यांदा काढली ती चीनच्या बीवायडी कंपनीने, २००८ च्या अखेरीस. आपलं पुणंही मागे नव्हतं. २०१० साली केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी मिळून 'रेव्होलो' नावाची जोडणी जाहीर केली होती. नवी गाडी घ्यायचीच नाही. आहे त्याच पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडायची आणि रात्री घरी प्लग लावायचा. मोटारगाड्यांसाठी ती घरोघरी पोहोचली नाही, पण विचार आपल्या माणसांनी तेव्हाच केला होता, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

आता हायब्रीडमध्येही तीन पायऱ्या आहेत. आपल्या पार्किंगमध्ये मागच्या बाजूला 'स्मार्ट हायब्रीड' लिहिलेली एक गाडी उभी असते. ती पहिली पायरी. तिच्यात मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, स्वतः गाडी ओढत नाही. दुसरी पायरी म्हणजे होंडा सिटीचं २०२२ मध्ये भारतात आलेलं हायब्रीड मॉडेल. ती थोडं अंतर नुसत्या विजेवरही जाते. कंपनीने तेव्हा जाहीर केलेलं तिचं मायलेज लिटरला २६.५ किलोमीटर. पण तिची बॅटरी एवढीशी, एक युनिट वीजही तिच्यात मावत नाही, आणि तिला बाहेरून प्लग लावता येत नाही. जी वीज वापरायची ती गाडीने स्वतःच पेट्रोलमधून आणि ब्रेकमधून कमवायची. तिसरी पायरी प्लग-इन हायब्रीड. हिची बॅटरी मोठी, आणि घरच्या विजेवर ती भरता येते. मुलाकडे मी पाहिली ती ही तिसरी.

मुलगा आणि सून राहतात नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावात. आपल्याकडचीही बरीच कुटुंबं तिथे आहेत. त्यांच्याकडे होंडा क्लॅरिटी नावाची प्लग-इन हायब्रीड सेडान आहे. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली लांब गाडी. पाच माणसं ऐसपैस बसतात, डिकीत आमच्या दोन्ही मोठ्या बॅगा बसल्या. २०१८ च्या मॉडेलची गाडी. कंपनीने २०२१ मध्ये तिचं उत्पादन बंद केलं, त्यामुळे मी कुणाला ती घ्या म्हणून सांगत नाहीये. आणि आपल्याकडे मध्यमवर्गीयाच्या खिशाला परवडेल अशी प्लग-इन हायब्रीड सेडान अजून तरी मिळत नाही. तरीही मी तिच्याबद्दल का बोलतोय, ते शेवटी कळेल.

२०२३ मध्ये तीन महिने मी त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो. चालवली नाही. पण बँकेची सवय जात नाही, वही जवळ होती.

तिची बॅटरी १७ युनिटची. युनिट म्हणजे तेच, आपल्या महावितरणच्या बिलावरचं. कंपन्या तिथे किलोवॉट-तास म्हणतात, आपण युनिट म्हणतो. सगळीच्या सगळी बॅटरी गाडी कधी वापरून संपवत नाही. तळाशी थोडी शिल्लक ठेवते, म्हणजे बॅटरीचं आयुष्य टिकतं. आपल्या खात्यात किमान शिल्लक ठेवायला लागते ना, तसंच. पूर्ण भरली की अमेरिकन सरकारच्या मोजणीप्रमाणे ती ४७ मैल, म्हणजे साधारण ७५ किलोमीटर, नुसत्या विजेवर जाते. तोपर्यंत पेट्रोलचा थेंब लागत नाही. त्यानंतर इंजिन सुरू होतं. पेट्रोलची टाकी लहान, साडेसव्वीस लिटरची. वीज आणि पेट्रोल दोन्ही धरून एकूण ३४० मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आतबाहेर जाता येतं.

मला हे असं समजलं. बॅटरी म्हणजे बचत खातं. रोजचा भाजीपाला, दूध, शाळेची फी त्यातून. पेट्रोलची टाकी म्हणजे मुदत ठेव. रोज हात लावायचा नाही, पण लग्नकार्य आलं की आहे. आपल्या पाथर्डीत हे कसं बसेल ते बघा. मोहटादेवीला जाऊन यायचं, मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जायचं, शेवगावला कामासाठी जाऊन परत यायचं, हे सगळं ७५ किलोमीटरच्या आत. बचत खात्यात भागलं. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जायचं तर जाताना वीज, परतताना मधेच पेट्रोल. पुण्याला जायचं तर अंतर पावणेदोनशेच्या आसपास, मग मुदत ठेव मोडायची. आणि रात्रभर लाइट नव्हती म्हणून सकाळी गाडी दारात अडकून पडली, असं होत नाही. पेट्रोल आहेच. नुसत्या विजेच्या गाडीपेक्षा हिचा हा फायदा आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाला मोठा आहे.

आता आत काय आहे ते सांगतो, कारण सगळ्या मुलांनी मला तेच विचारलं.

गाडीत दोन मोटरी आहेत आणि एक इंजिन. एक मोटर चाकं फिरवते. ही चांगली दांडगी, १८१ अश्वशक्तीची. दुसरी मोटर खरं तर जनरेटर, ती वीज तयार करते. इंजिन १.५ लिटरचं, १०३ अश्वशक्तीचं. म्हणजे मालक मोटर आणि इंजिन तिचा मदतनीस. बॅटरी संपत आली की इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो आणि त्या विजेवर मोटर चाकं फिरवते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाबाहेर जनरेटर लावतात, तोच प्रकार गाडीच्या पोटात. फक्त मोठ्या रस्त्यावर, एका लयीत जोरात चालताना एक क्लच जुळतो आणि इंजिन सरळ चाकांना जोडलं जातं, कारण त्या वेगाला वीज करून मग फिरवण्यापेक्षा सरळ फिरवणंच स्वस्त पडतं. नेहमीसारखे पाच-सहा गिअर तिच्यात नाहीतच.

इंजिनही वेगळ्या धाटणीचं, ॲटकिन्सन पद्धतीचं. जेम्स ॲटकिन्सन हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले अभियंता. त्यांची कल्पना साधी. इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग जळून पसरतं. जेवढं दाबलं त्यापेक्षा जास्त पसरू दिलं, तर त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. आजच्या इंजिनात झडप थोडी उशिरा बंद करून हे साधतात. याचा तोटा म्हणजे असं इंजिन सुरुवातीला जोर कमी लावतं. एकट्याने गाडी ओढायची तर ते मंद वाटेल. पण इथे सुरुवातीचा जोर मोटर लावते. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते, हे तुम्ही विहिरीवरच्या मोटरीत पाहिलंय. एकाचा कमीपणा दुसऱ्याने भरून काढायचा. खरं हायब्रीड ते हे.

आता ब्रेक. माझ्या वयाच्या लोकांनी सायकलला डायनामो लावलेला आहे. तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचं. का जड व्हायचं? कारण वीज फुकट तयार होत नाही, ती तुमच्या पायातून जाते. या गाडीत ते उलटं वापरलंय. वेग कमी करायचा असेल तेव्हा चाक फिरवणारी मोटरच डायनामो होते, गाडी जड होते, म्हणजे थांबायला लागते, आणि तयार झालेली वीज बॅटरीत जमा होते. नगरहून येताना आपण करंजी घाट उतरतो. एरवी तो सगळा उतार ब्रेक तापवण्यात जातो. या गाडीत त्यातला बराचसा भाग खात्यात जमा झाला असता. सगळा नाही, बरं का. प्रत्येक व्यवहारात थोडी गळती असतेच. पण आपण आज ती सगळीच रक्कम वाऱ्यावर सोडतो.

आणखी एक गमतीची गोष्ट मुलाने दाखवली. 'एचव्ही' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की गाडी बॅटरीतली शिल्लक राखून ठेवते आणि पेट्रोलवर चालते. लांबच्या रस्त्यावर ते दाबायचं आणि मुक्कामाच्या गावात शिरलं की सोडायचं. म्हणजे गर्दीत, सिग्नलला, शाळेसमोर धूर नाही, आवाज नाही. ॲक्सिलरेटरमध्येही एक खूण आहे. विजेवर चालताना पाय दाबत गेलं की एका ठिकाणी टक् असं जाणवतं. तिथपर्यंत वीज, त्याच्या पुढे दाबलं तर इंजिन सुरू. सून इतकी सांभाळून चालवायची की आठवडाभर ते टक् ओलांडायची नाही.

आता हिशोब. गाडीला १०० किलोमीटरला साधारण १९ युनिट लागतात, भरतानाची गळती धरून. वीज संपल्यावर पेट्रोलवर ती लिटरला १८ किलोमीटरच्या जवळपास देते. महिन्याला हजार किलोमीटर धरा. त्यातले ८०० रोजचे, घरच्या चार्जिंगवर. २०० बाहेरगावचे, पेट्रोलवर. युनिटला १० रुपये आणि लिटरला १०५ रुपये धरतो, दर हिशोबापुरते. ८०० किलोमीटरला १५२ युनिट, म्हणजे १,५२० रुपये. २०० किलोमीटरला अकरा लिटरच्या वर थोडं, म्हणजे ११६५ च्या आसपास. एकूण साधारण २,७०० रुपये. आणि हीच गाडी कधीच प्लगला लावली नाही तर? हजार किलोमीटरला साडेपंचावन्न लिटर, म्हणजे ५,८०० रुपये. महिन्याला तीन हजारांचा फरक. यातून गाडीच्या जास्तीच्या किमतीचं व्याज वजा करायचं, हे मी बँकवाला म्हणून सांगितलंच पाहिजे. शिवाय महावितरणचे टप्पे लक्षात ठेवा. घरचं बिल १०० युनिटच्या वर गेलं की दर वाढतो, ३०० च्या वर गेलं की आणखी वाढतो. गाडीची दीडशे युनिट घरच्या मीटरवर पडली तर पंखा-फ्रिजच्या युनिटांबरोबर तीही वरच्या टप्प्यात जातात. महावितरणच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे. वेगळं मीटर घेणं परवडतं का, हे ज्याने त्याने आकडे मांडून बघावं.

पण मघाच्या प्रश्नात या गाडीचं सगळं मर्म आहे. प्लगला लावली नाही तर?

ही गाडी एक टन आठशे चाळीस किलोच्या आसपास आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या सेडानपेक्षा पाच क्विंटलांहून जड. ती आकारानेही मोठी आहे, हे खरं. पण त्यात बॅटरीचा आणि दोन मोटरींचाही वाटा आहे. चार्जच केली नाही, तर ते ओझं तुम्ही रोज पेट्रोल जाळून फिरवता. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये लाखो गाड्यांच्या प्रत्यक्ष वापराची माहिती तपासून अहवाल दिला. प्लग-इन हायब्रीड गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. कारण काय, तर कागदावर गृहीत धरलं होतं त्यापेक्षा लोक त्या गाड्या फारच कमी चार्ज करतात. गाडीच्या यंत्रात जी हुशारी आहे ती सगळी, घरी आल्यावर प्लग लावायला जागा आहे की नाही, यावर अवलंबून आहे.

आता मी एक गोष्ट सांगणार आहे, ती कार्यकारिणीने दिलेल्या विषयात नव्हती.

२०२१ मध्ये मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. त्या वर्षी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या सरांनी विजेची स्कूटर घेतली. ते शाळेसाठी रोज तिसगावला जातात-येतात. पेट्रोल शंभरीच्या वर गेलं होतं. स्कूटरची बॅटरी काढून वर नेता येत नव्हती. त्यांनी रीतसर अर्ज केला की पार्किंगमध्ये माझ्या जागेजवळ एक प्लग पॉइंट द्या, खर्च मी करतो. मी अर्जावर लाल शाईने शेरा मारला : 'सामाईक विजेवर खासगी वाहन चार्ज करता येणार नाही. अर्ज निकाली.' दोन ओळी. सही, तारीख. मला वाटलं, सोसायटीचे पैसे वाचवले.

सरांनी मग तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडली. पावसाळ्याचे दिवस. मी नोटीस काढली. वायर निघाली. सातआठ महिन्यांनी स्कूटरही विकली गेली.

हे मी अमेरिकेत मुलाला कौतुकाने सांगत होतो. एक वायर कशी बंद केली, शिस्त कशी लावली. तो काही बोलला नाही. लॅपटॉप उघडला आणि एक जुना ईमेल माझ्यासमोर धरला. ही गाडी त्यांनी घेतली तेव्हा ते भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय द्या, मीटरचा आणि वायरिंगचा खर्च मी देतो, असं त्याने तिथल्या व्यवस्थापकाला लिहिलं होतं. त्याचं आलेलं उत्तर तो मला दाखवत होता. सामाईक विजेवर खासगी वाहन चार्ज करण्याची परवानगी देता येत नाही. विषय संपला. पत्र इंग्रजीत होतं, पण मजकूर माझाच होता.

दीड वर्ष, स्वतःचं घर घेईपर्यंत, त्यांनी ती गाडी पेट्रोलवर चालवली. १७ युनिटची बॅटरी घेऊन, चार्ज न करता. मुलगा म्हणाला, "बाबा, आम्हाला फुकट वीज नको होती. प्लग लावायला जागा पाहिजे होती." एवढंच बोलला. मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

परत आल्यावर मी माझा तो कागद फाइलमधून काढून वाचला. सरांनीसुद्धा फुकट वीज मागितली नव्हती. 'खर्च मी करतो' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं का, हेच मला आठवत नाही. बँकेत कर्जाचा अर्ज पूर्ण न वाचता नाकारला असता, तर माझ्या वरिष्ठांनी मला उभं केलं असतं.

आता न्यायाने बोलायचं तर दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. गॅलरीतून वायर सोडणं धोक्याचं होतं आणि आजही आहे. बारीक वायरीतून तास न् तास मोठा प्रवाह गेला की ती तापते, वरचं आवरण वितळतं, त्यात पावसाचं पाणी. लहान मुलं खाली खेळतात. म्हणून नोटीस बरोबर होती. शेरा चुकला होता. आणि शेरा चुकला नसता, तर नोटिशीची वेळच आली नसती.

मग बरोबर काय? मी गेले काही महिने आपल्या वायरमनला आणि जाणत्या लोकांना विचारून एक टिपण केलंय. पुढच्या सर्वसाधारण सभेत ते मांडणार आहे. आज थोडक्यात सांगतो.

पहिलं. घरी किंवा सोसायटीत स्वतःचं वाहन चार्ज करायला कुठला वेगळा परवाना लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत खासगी चार्जिंगला मुभा आहे. तेव्हा 'नियमात बसत नाही' हे उत्तर यापुढे देता येणार नाही.

दुसरं. ज्याची पार्किंगची जागा, त्याच्या स्वतःच्या मीटरपासून त्या जागेपर्यंत वेगळी, जाड वायर, पाइपातून नेलेली. १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारा ईएलसीबी आणि नीट अर्थिंग. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. खर्च सभासदाचा, वीज सभासदाच्या बिलावर. सामाईक बिलावर एक पैसाही नाही. म्हणजे माझ्या २०२१ च्या शेऱ्यातली काळजी इथे पूर्ण मिटते. मीटर कुणाचं हे ठरवलं की भांडण उरत नाही.

तिसरं. आपल्या घरगुती सॉकेटवर ही कामं होतात का, असं लोक विचारतात. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची. तिथल्या साध्या प्लगवर मुलाची गाडी भरायला १२ तास लागतात. वेगळं २४० व्होल्टचं कनेक्शन घेतलं तर अडीच तास. आपल्याकडे साधी वीजच २३० व्होल्टची. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून ३ किलोवॉटच्या आसपास वीज सहज घेता येते, म्हणजे तेवढी बॅटरी पाच-सहा तासांत भरेल. रात्री दहाला लावली तर पहाटे काम झालेलं. स्कूटरला तर याच्या कितीतरी कमी लागतं.

चौथं, आणि हे विसरू नका. बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. एकाच वेळी पाच-सहा गाड्या लागल्या, तर सोसायटीकडे येणारी मुख्य केबल आणि मीटरचं पॅनेल ते सोसेल का, हे आधी तपासून घ्यायला हवं. आपली इमारत पंचवीस वर्षांची. तेव्हाच्या वायरिंगमध्ये कुणी गाड्या गृहीत धरल्या नव्हत्या. गरज पडली तर महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा. हा खर्च मात्र सामाईक, आणि त्यावर सभेत चर्चा झाली पाहिजे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी किती भार उचलायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी एकटा देणार नाही. एकट्याने दिलेल्या उत्तराचं काय होतं ते आत्ताच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, प्लग-इन हायब्रीड इथे मिळत नाही, मग घाई कशाला? अहो, सॉकेटला काय माहीत कुठली गाडी लागली? विजेच्या स्कूटर आपल्या रस्त्यावर आहेतच, विजेच्या मोटारी येताहेत. उद्या प्लग-इन हायब्रीडही येईल. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पाण्याची टाकी बांधताना त्या वेळच्या गरजेपेक्षा मोठी बांधली, म्हणून दुष्काळाच्या वर्षांत टँकरचं पाणी साठवायला जागा होती. तेव्हाही काही जण म्हणाले होते, एवढी मोठी कशाला? त्यातला एक मी होतो. खर्चाची बाजू बघणारा माणूस नेहमी तसाच बोलतो. कधी तो बरोबर असतो, कधी नसतो.

शेवटचं. सर आज समोर बसलेत. त्यांनी या चार वर्षांत मला जिन्यात भेटल्यावर कधी नमस्कार चुकवला नाही. मी मात्र त्या शेऱ्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. सर, मी तो शेरा मागे घेतो. नुसता तोंडी नाही. अर्जाच्या फाइलमध्ये आज दुपारी मी एक कागद लावलाय : 'अर्जदाराने खर्च स्वतः करण्याची तयारी दाखवली होती. अर्ज पुन्हा विचारार्थ घ्यावा.' खाली सही आणि तारीख. खजिनदार मी आता नाही, त्यामुळे त्या सहीला किंमत किती ते कार्यकारिणी ठरवेल. सरांनी आता दुसरी स्कूटर घ्यायची की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण घेतली, तर ती लावायला खाली जागा असली पाहिजे.

दूध आटलंय असं वास सांगतोय. मुलांना काही विचारायचं असेल तर दूध पिता पिता विचारा. ॲटकिन्सनचं इंजिन मी वाटीत चमचा फिरवून दाखवीन.